एसएसएच अर्धा सेकंद हळू का झालं? एक्सझेडच्या बॅकडोअरची गोष्ट, सोप्या भाषेत

२९ मार्च २०२४, गुड फ्रायडे. सोमवारी धुळवड होऊन गेलेली, मधले तीन दिवस रजा टाकून निम्मं ऑफिस कोकणात नाहीतर गावाला, आणि आपल्याकडे रात्रीचे सव्वानऊ वाजून गेले असतील तेव्हा तिकडे अमेरिकेत आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका माणसाने सिक्युरिटीवाल्यांच्या जाहीर मेलिंग लिस्टवर एक लांबलचक मेल टाकला. मेलचं सार एवढंच की गेले काही आठवडे माझ्या मशीनवर काही विचित्र गोष्टी होत होत्या, शोधत गेलो तर असं निघालं की एक्सझेड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवलाय, आणि आधी मला वाटलं डेबियनचं (लिनक्सचा एक प्रकार) पॅकेज कोणीतरी फोडलं असेल पण नाही, हा दरवाजा मूळ प्रोजेक्टमधूनच येतोय.

आमच्या ग्रुपवर तो मेल आला तेव्हा मी जेवत होतो. ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडला, सर्व्हरवर व्हर्जन बघितलं, डेबियन १२ होतं म्हणजे एक्सझेड ५.४.१, आणि बाद निघालेली व्हर्जन ५.६.० आणि ५.६.१. वाचलो. परत येऊन गार आमटी खाल्ली. पण खरं सांगू का, त्या रात्री मला "वाचलो" एवढंच कळलं होतं. कशातून वाचलो ते कळायला पुढचे दोन आठवडे गेले. अजूनही ज्युनियर पोरं विचारतात की ते एक्सझेडचं नेमकं काय होतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय. कोडिंग येत नसलं तरी चालेल. सोसायटीत राहायचा अनुभव असेल तर उलट जास्त लवकर कळेल.

आधी एक्सझेड म्हणजे काय ते बघू. झिप माहितीये ना, फाइल दाबून छोटी करायची, तसलंच हे एक, फक्त जास्त घट्ट दाबतं. लिनक्सच्या दुनियेत हे सगळीकडे आहे, म्हणजे अक्षरशः सगळीकडे, डेबियनची पॅकेजेस याने दाबलेली असतात, लिनक्स कर्नलचा सोर्स कोड यात गुंडाळून मिळतो, तुम्ही नाव ऐकलं नसेल पण वापरलंय नक्की. आणि हे इतकं महत्त्वाचं सॉफ्टवेअर सांभाळत कोण होतं? फिनलंडमधला लासे कॉलिन नावाचा एक माणूस. कंपनी नाही, टीम नाही, पगार नाही. फावल्या वेळात, वर्षानुवर्षं.

आता सोसायटी डोळ्यासमोर आणा. पन्नास-साठ फ्लॅट, सेक्रेटरी एक, तोही फुकट काम करणारा. पाण्याच्या टाकीच्या वॉल्व्हपासून लिफ्टच्या एएमसीपर्यंत सगळं त्याच्या डोक्यात. वार्षिक सभेला कोणी येत नाही, पण पाणी अर्धा तास उशिरा आलं की ग्रुपवर पन्नास मेसेज. "तुम्हाला जमत नसेल तर सोडा ना" म्हणणारा एकजण असतोच, आणि "मग तुम्ही घ्या" म्हटलं की तोच ऑफलाइन. बिचारा सेक्रेटरी थकलेला, घरचे त्याला शिव्या घालतायत. आणि अशात दुसऱ्या मजल्यावर एक नवीन माणूस राहायला येतो. शांत, गोड बोलणारा, म्हणतो "काका, मी करू का थोडी मदत?"

हा नवीन माणूस म्हणजे जिया टॅन. निदान हे नाव लावणारा कोणीतरी. गिटहबवर, म्हणजे लोक आपला कोड ठेवतात त्या साइटवर, त्याचं अकाउंट २०२१ चं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या शेवटी त्याने एक्सझेडला पहिला पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, पाठवला, अगदी साधा, एडिटरच्या सेटिंगची एक फाइल. मग अजून एक, मग अजून. चांगले पॅच होते, कामाचे, हे लक्षात ठेवा. पहिली दोन वर्षं या माणसाने खरंखुरं काम केलंय.

दरम्यान एप्रिल २०२२ पासून एक्सझेडच्या मेलिंग लिस्टवर कुरकुर सुरू झाली. जिगर कुमार नावाचा कोणी म्हणतो, इथे पॅच वर्षानुवर्षं पडून राहतात, लवकर काही होईल असं समजायचं कारणच नाही. मग जूनमध्ये तोच म्हणतो, नवीन मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा, आल्याशिवाय काही हलणार नाही, सध्याच्या माणसाचा इंटरेस्ट संपलाय. मधे डेनिस एन्स नावाचा दुसरा येतो, तो जरा शहाण्यासारखा सूर लावतो. नाव वाचून जिगर कुमार आपल्याकडचाच एखादा पोरगा वाटतो खरा, पण त्या काही मेल सोडल्या तर हा माणूस इंटरनेटवर कुठे असल्याचं कोणाला सापडलं नाही. एन्सचंही तेच. दोघं आले, तगादा लावला, काम झाल्यावर गायब. ही सगळी एकाच टोळीची सोंगं असणार असं आता बहुतेक सगळे मानतात.

लासे कॉलिनने ८ जून २०२२ ला दिलेलं उत्तर मी दोन-तीनदा वाचलंय. तो म्हणतो की माझा इंटरेस्ट गेलेला नाही, पण बरीच वर्षं मानसिक आरोग्याचा त्रास आहे आणि इतरही काही गोष्टी आहेत त्यामुळे लक्ष घालायची ताकद कमी पडते, अलीकडे जिया टॅनबरोबर थोडं काम केलंय, पुढे कदाचित त्याच्याकडे मोठी जबाबदारी जाईल, बघू. आणि हे बिनपगारी, हौसेचं काम आहे हे पण ध्यानात असू द्या. यावर एन्सचं म्हणणं काय, तर तुमच्या तब्येतीचं वाईट वाटतं, पण माणसाने आपली मर्यादा ओळखली पाहिजे. बघा म्हणजे. सभ्य शब्दात सुरी.

माझ्या मते खरा हल्ला इथे झाला. पुढे जो कोड येतो तो भयंकर हुशारीचा आहे, त्यावर आपण येऊच, पण दार फोडलं ते कोडने नाही, एका थकलेल्या माणसाला अजून थकवून फोडलं. आणि मला जास्त टोचतं ते हे की त्या खोट्या मेल खऱ्या वाटल्या कारण तसल्या मेल खरी माणसं रोज पाठवतात. मी स्वतः एकदा एका छोट्या लायब्ररीच्या (दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) मेंटेनरला "एनी अपडेट?" असं तीनदा लिहिलं होतं, तिसऱ्यांदा जरा चिडूनच. फुकट वापरत होतो ती लायब्ररी. त्या ढिगाऱ्यात जिगर कुमार सहज लपून जातो.

तर २०२२ च्या जूनअखेर कॉलिन स्वतः लिहितो की जिया जवळजवळ को-मेंटेनरच झालाय. २०२३ उजाडेपर्यंत जियाच्या हाताला कमिटचा, म्हणजे थेट कोड बदलायचा अधिकार, आणि त्या मार्चपासून रिलीज काढायचं कामही. म्हणजे सोसायटीच्या ऑफिसची किल्ली, शिक्का, लेटरहेड सगळं हातात. मग हळूच एकेक गोष्ट सरकते. गूगल ओपन सोर्स प्रोजेक्टसाठी एक सेवा चालवतं, ओएसएस-फझ, ती तुमच्या सॉफ्टवेअरला सतत वेडावाकडा इनपुट देऊन कुठे फुटतं का बघते, तिथे संपर्काचा पत्ता बदलून जियाचा झाला. पुढे त्याच सेवेला सांगण्यात आलं की टेस्ट करताना अमुक एक फीचर बंद ठेवा. वॉचमनला सांगायचं की मागच्या गेटकडे फेरी मारू नकोस, तिथे काम चालूय. ते फीचर आयफंक, त्याचं पुढे येईल.

आता तांत्रिक भाग. इथे जरा सावकाश वाचा, कारण यातली पहिली गोष्ट मला पण इतकी वर्षं काम करून डोक्यात नीट बसलेली नव्हती.

ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांसमोर, बरोबर? गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद जिथे राहते तिथे, जाऊन कोणीही बघू शकतं. पण डिस्ट्रोवाले, म्हणजे लिनक्स बांधून लोकांना देणारे डेबियन, फेडोरा वगैरे, बऱ्याचदा गिटमधून थेट कोड घेत नाहीत. मेंटेनर रिलीज काढताना एक टारबॉल बनवतो, गाठोडं म्हणा, त्यात कोड असतो आणि बिल्डसाठी, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायला, लागणाऱ्या काही तयार फाइल पण असतात ज्या गिटमध्ये नसतात. हे कायदेशीर आहे, पद्धतच आहे, ऑटोटूल्स ही बिल्डची जुनी टूल्स वापरणाऱ्या प्रोजेक्टमध्ये सर्रास चालतं. पण त्याचा अर्थ असा की सगळ्यांना दिसतं ते एक आणि प्रत्यक्षात वापरलं जातं ते दुसरं, आणि दोन्ही एकच आहे याची खात्री कोण करतं? कोणीच नाही. सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त ग्रुपवर टाकलं ते एक, आणि रजिस्ट्रारकडे जमा केलं त्यात एक ठराव जास्तीचा. ग्रुपवरचं पण कोणी वाचत नाही, रजिस्ट्रारकडे जाऊन कोण ताडून बघणार?

एक्सझेड ५.६.० फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. त्याच्या टारबॉलमध्ये बिल्डची एक एम-फोर स्क्रिप्ट होती, नाव अगदी नेहमीचं, पण तिच्यात काही ओळी वेगळ्या. एम-फोर म्हणजे काय ते समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका, मीही पडत नाही. ती भाषा बघितली की भलेभले नजर फिरवतात, आणि हल्लेखोराने नेमका त्याचाच फायदा घेतला.

पण त्या ओळी नुसता धागा होत्या, खरा माल दुसरीकडे. कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरला टेस्टसाठी खराब फाइल लागतात, मुद्दाम बिघडवलेल्या, कारण खराब फाइल आली तर सॉफ्टवेअर कोसळता कामा नये हे तपासायचं असतं. त्यामुळे एक्सझेडच्या टेस्टच्या फोल्डरमध्ये अशा वाचता न येणाऱ्या फाइलींचा ढीग कायमच होता. जियाने त्यात आणखी काही टाकल्या. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात बंद घड्याळं असायचीच, एखादं उघडून आत काय आहे ते कोण बघतंय? त्यातल्या एका "करप्ट" म्हटलेल्या फाइलचा बिघाड बघा किती साधा होता: टॅबच्या जागी स्पेस, स्पेसच्या जागी टॅब, आडव्या रेघेच्या जागी अंडरस्कोअर आणि उलट. एवढी अदलाबदल परत केली की फाइल एकदम नीट उघडते आणि आतून निघते एक स्क्रिप्ट. ती स्क्रिप्ट दुसऱ्या टेस्ट फाइलमधून अधूनमधून भरलेला कचरा वगळत वगळत खरा माल गोळा करते, आणि त्यातून निघतो आधीच कंपाइल केलेला कोड, जो लायब्ररी बनत असताना गुपचूप आत शिवला जातो. गिटमधला सी कोड ओळ न ओळ वाचलात तरी हा दरवाजा तुम्हाला दिसला नसता.

आणि हे सगळं दर वेळी व्हायचंच नाही. स्क्रिप्ट आधी चौकशी करायची: मशीन ६४ बिट इंटेल-एएमडी छापाचं आहे का, लिनक्स आहे का, जीसीसी कंपायलर आहे का, आणि आत्ता डेबियनचं किंवा आरपीएमचं पॅकेज बनतंय का. नसेल तर गप्प. म्हणजे तुम्ही संशय येऊन घरी स्वतःच्या हाताने बिल्ड करून बघितलं असतं तर काहीच सापडलं नसतं. मोठ्या लग्नाच्या पंगतीतच विष कालवायचं, घरच्या जेवणात नाही.

बरं, पण कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत घुसून मिळणार काय? तर इथे एसएसएच येतं. जगभरातल्या लिनक्स सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं मुख्य दार म्हणजे एसएसएच. त्याचा सर्व्हर प्रोग्रॅम, एसएसएचडी, एक्सझेड वापरतो का? नाही. हा प्रोग्रॅम ज्यात येतो ते ओपनएसएसएच बनवणारे लोक या बाबतीत फार काटेकोर आहेत, कमीत कमी डिपेंडन्सी ठेवतात. पण डेबियन, फेडोरा वगैरेंनी आपल्या सोयीसाठी त्यात एक पॅच मारलेला होता, की एसएसएचडी सुरू झालं की त्याने सिस्टमडीला, म्हणजे लिनक्सवर बाकीच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला, "मी तयार आहे" असा निरोप द्यावा. एवढ्यासाठी सिस्टमडीची लायब्ररी जोडली. त्या लायब्ररीला लॉग फाइली दाबायला एक्सझेडची लायब्ररी लागते. म्हणजे मानपानाला एकाला बोलावलं, त्याच्यामागून अख्खं वऱ्हाड आत आलं, आणि त्या वऱ्हाडात एक पाकीटमार. गंमत म्हणजे तो निरोप द्यायला लायब्ररीची गरजच नाही, एका सॉकेटवर "रेडी इक्वल्स वन" असा एक छोटा मजकूर लिहायचा असतो, संपलं. नंतर जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये त्यांनी ते स्वतःच लिहून टाकलं, बाहेरची लायब्ररी न घेता.

आता एकाच प्रोग्रॅममध्ये दोन लायब्ररी बसल्या म्हणजे एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करू शकतात का? सहसा नाही करत, पण अडवणारं कोणी नसतं, मेमरी एकच. आणि इथे ते आयफंक कामाला येतं. आयफंक मुळात चांगली सोय आहे, एकाच फंक्शनचे दोन-तीन अवतार ठेवायचे, प्रोसेसर नवीन असेल तर वेगवान अवतार वापरायचा, जुना असेल तर साधा. कोणता वापरायचा हे ठरवणारा कोड प्रोग्रॅम लोड होतानाच चालतो, खऱ्या कामाला सुरुवात व्हायच्या कितीतरी आधी. त्या वेळी कुठल्या फंक्शनचा पत्ता काय याचा तक्ता अजून भरला जात असतो, नंतर तो कुलूपबंद होतो. दुकान उघडायच्या आधी झाडू मारायला येणाऱ्याला अख्खं दुकान रिकामं मिळतं, तसं. या मोकळ्या वेळात बॅकडोअरने सापळा लावला आणि ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं एक फंक्शन, आरएसए पद्धतीची डिजिटल सही तपासताना लागणारं, त्याच्या जागी स्वतःचं फंक्शन नेऊन बसवलं.

परिणाम काय? कोणीही एसएसएचने कनेक्ट झालं आणि आरएसएचं सर्टिफिकेट पुढे केलं की ते आधी या दरोडेखोराच्या हातात. तो बघणार की या सर्टिफिकेटच्या आत आपल्या मालकाचा निरोप लपवलाय का, आणि त्यावर मालकाची डिजिटल सही आहे का. नसेल तर निमूटपणे खऱ्या फंक्शनकडे पाठवणार, काही झालंच नाही अशा थाटात. असेल तर त्या निरोपात जी कमांड असेल ती सर्व्हरवर चालवणार, रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वोच्च अधिकाराने, पासवर्ड न विचारता, लॉगिन पूर्ण व्हायच्या आधीच. सही करायची गुप्त किल्ली फक्त त्या टोळीकडे. म्हणजे हा दरवाजा आहे हे जगाला कळलं तरी दुसऱ्या कोणाला तो उघडता येणार नाही. चोराने चोरदरवाजाला पण भारीतलं कुलूप लावलेलं. मला यातच व्यावसायिकपणा दिसतो, भुरट्याचं काम नाही हे.

याला पुढे सिक्युरिटीतल्या त्रुटींच्या जागतिक यादीत सीव्हीई-२०२४-३०९४ असा नंबर मिळाला आणि गांभीर्याचे गुण १० पैकी १०.

मग पकडलं कसं? फ्रॉइंड हा सिक्युरिटीवाला नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करतो, पोस्टग्रेस या डेटाबेसचा मुरलेला डेव्हलपर, मी सिक्युरिटी रिसर्चर नाही हे त्याने त्या मेलमध्येच लिहून टाकलंय. तो पोस्टग्रेसचा वेग मोजत होता, त्यासाठी मशीन अगदी शांत हवं असतं. बघतो तर एसएसएचडीच्या प्रोसेस उगाच सीपीयू खातायत. इंटरनेटवर उघड्या मशीनवर बॉट लोक दिवसभर चुकीच्या युजरनेमने दार ठोठावत असतात, ते नेहमीचंच, पण ज्या लॉगिनला लगेच "नाही" म्हणायचंय त्याला एवढा सीपीयू कशाला? त्याने वेळ मोजला. आधी ०.२९९ सेकंद लागायचे, आता ०.८०७. अर्धा सेकंद.

आपण काय केलं असतं? मी सांगतो मी काय केलं असतं, नेटवर्क स्लो आहे म्हणून चहा प्यायला गेलो असतो. हा माणूस प्रोफाइलर, म्हणजे वेळ कुठे जातो ते दाखवणारं टूल, लावून बसला. वेळ जातोय तो एक्सझेडच्या लायब्ररीत, आणि लायब्ररीतल्या कुठल्या फंक्शनमध्ये हे विचारलं तर प्रोफाइलरला नावच सांगता येईना. तेव्हा त्याला आठवलं की काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या टेस्टमध्ये व्हॅलग्रिंडने, म्हणजे मेमरीतल्या चुका दाखवणाऱ्या टूलने, अशाच काही विचित्र तक्रारी केल्या होत्या, पॅकेज अपडेट झाल्यानंतर. दोन धागे जुळले. स्वतः त्याने नंतर म्हटलं की यात बरेच योगायोग जुळून यावे लागले.

हळू का होत होतं तेही मजेशीर आहे. आपण कोणती फंक्शन शोधतोय ते कोणाला दिसू नये म्हणून बॅकडोअरने त्यांची नावं सरळ लिहून न ठेवता गुंतागुंतीच्या सांकेतिक रचनेत ठेवली होती, त्यामुळे शोधाशोध जड, आणि एसएसएचडी प्रत्येक नव्या कनेक्शनला स्वतःला नव्याने सुरू करतं, म्हणजे दर वेळी ती शोधाशोध पहिल्यापासून. लपायच्या खटपटीतच पकडला गेला.

व्हॅलग्रिंडच्या तक्रारी फेडोराच्या लोकांनाही दिसल्या होत्या बरं का, आणि ते बिचारे चांगल्या भावनेने जियाबरोबरच बसून त्या सोडवत होते. त्यातून ५.६.१ आलं, ९ मार्चला, आणि त्यात त्या दोन टेस्ट फाइल बदलल्या गेल्या. कमिटमध्ये कारण काय लिहिलंय, तर आधीच्या फाइल माझ्या मशीनवर रँडमने बनवल्या होत्या, पुढे कोणाला परत तशाच बनवता याव्यात म्हणून ठरावीक सीड वापरून नव्याने बनवल्यात. शुद्ध थाप. पण किती शिस्तीची थाप! चांगल्या इंजिनियरने लिहावं तशी.

तोवर ही व्हर्जन डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये, फेडोरा ४० च्या बीटाच्या आसपास आणि रॉहाइडमध्ये, ओपनसूसे टम्बलवीडमध्ये, कालीमध्ये पोचलेली होती. म्हणजे सतत ताजं ताजं घेणाऱ्यांकडे. बँका-कंपन्यांच्या सर्व्हरवर जी स्थिर व्हर्जन चालतात तिथे अजून नाही. पण धडपड त्याच दिशेने चालू होती, नवं व्हर्जन घ्या म्हणून डेबियनकडे एक अनोळखी नाव विनंती घेऊन गेलं, उबुंटूकडे तर खुद्द जियाच, फ्रॉइंडचा मेल येण्याच्या आदल्या दिवशी. उबुंटू २४.०४ एप्रिलअखेर यायचं होतं, पाच वर्षं सपोर्टवालं, जे लाखो सर्व्हरवर बसतं. प्रकरण फुटल्यावर त्यांनी बीटा एक आठवडा पुढे ढकलला आणि खबरदारी म्हणून पॅकेजेस नव्याने बिल्ड केली. उशीर एका आठवड्याचा, पण एक महिना अजून कोणी लक्ष दिलं नसतं तर काय झालं असतं हे आकडे मांडून सांगायची गरज नाही.

यात अजून एक कुजबूज आहे. सिस्टमडीवाले तेव्हाच असा बदल करत होते की एक्सझेडसारख्या लायब्ररी कायम जोडलेल्या न ठेवता लागेल तेव्हाच उघडायच्या. तो बदल सगळीकडे पोचला असता तर एसएसएचडीपर्यंतचा हा रस्ताच बंद. त्यामुळे काही जणांचा अंदाज की टोळीने शेवटी घाई केली आणि घाईत वेगाकडे, व्हॅलग्रिंडकडे दुर्लक्ष झालं. अंदाजच आहे, पण मला पटतो. दोन वर्षं धीर धरणारा माणूस शेवटच्या दोन महिन्यांत गडबडतो तेव्हा काहीतरी डेडलाइन असतेच, आयटीत काम केलेल्या कोणालाही विचारा.

जिया टॅन कोण? जाहीरपणे कोणाचं नाव सिद्ध झालेलं नाही. लोकांनी त्याच्या कमिटच्या वेळा चाळल्या, बहुतेकांवर चीनच्या बाजूचा टाइमझोन, मधेच काही कमिट पूर्व युरोपच्या टाइमझोनचे. चिनी नववर्षाला हा माणूस काम करतो आणि ख्रिसमसला गप्प असतो असंही काहींनी दाखवून दिलं. (आपल्याकडचा असता तर गणपतीत कमिट बंद पडले असते.) पण टाइमझोन काय, कोणीही बदलू शकतं, त्यावरून देश ठरवणं म्हणजे शर्टावरून गाव ओळखण्यासारखं. एवढं नक्की की अडीच वर्षं कोणाला तरी यासाठी वेळ परवडत होता, आणि फुकट काम करणाऱ्या माणसासमोर पूर्णवेळ काम करणारी टोळी उभी होती.

नंतर बऱ्याच चर्चा झाल्या. टारबॉल गिटशी ताडून बघा, बिल्ड पुन्हा केलं तर तंतोतंत तसंच निघालं पाहिजे, मेंटेनरला पैसे द्या. एप्रिल २०२४ मध्येच जावास्क्रिप्टच्या दुनियेतल्या ओपनजेएस फाउंडेशनने सांगितलं की आमच्याकडेही असेच काही मेल आलेत, आम्हाला मेंटेनर करा म्हणणारे, आधीचा फारसा काही संबंध नसताना. पैशाचं म्हणाल तर आपल्याकडच्या झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रोजेक्टसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा फंड जाहीर केला, चांगलंच आहे. पण पैशाने सगळं सुटेल असं मला वाटत नाही. कॉलिनला त्या जूनमध्ये पैशाची मेल आली असती तरी जिया तिथेच बसलेला होता, मदतीचा हात पुढे करून, आणि त्याच्या कामात तोवर खोट काढण्यासारखं काही नव्हतं. खरंतर एक बारीक गोष्ट होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने लिबआर्काइव्ह नावाच्या दुसऱ्याच प्रोजेक्टमध्ये एक छोटा बदल पाठवला होता, ज्यात एरर मेसेज छापणारं सुरक्षित फंक्शन काढून साधं, कमी सुरक्षित टाकलं होतं. तो बदल तेव्हा मंजूर झाला. २०२४ मध्ये सगळे धावत जाऊन तो उलटवून आले.

आणि लासे कॉलिन? प्रकरण फुटलं तेव्हा तो सुट्टीवर होता. लिनक्स कर्नलच्या लिस्टवर त्याने कळवलं की मी सुट्टीवर आहे, सहज मेल बघितली तर मोठाच घोळ दिसतोय, नीट तपास एप्रिलच्या सुरुवातीला करतो. गिटहबने तोवर प्रोजेक्टचं पानच बंद केलं होतं, त्याचं स्वतःचं अकाउंटही अडकवलं. सुदैवाने मूळ वेबसाइट आणि स्वतःचा गिट सर्व्हर त्याने जियाच्या हातात कधी दिलाच नव्हता, ते त्याच्याकडेच होतं. मग तो जियाने केलेला एकेक बदल तपासत बसला. साफ केलेलं ५.६.२ यायला २९ मे उजाडला, बरोबर दोन महिने.

पण त्याची एक दुरुस्ती ३० मार्चचीच आहे, म्हणजे दुसऱ्या दिवशीचीच. लिनक्समध्ये लँडलॉक म्हणून एक सोय आहे, प्रोग्रॅमला कुंपणात ठेवणारी. ती या मशीनवर आहे का हे तपासायला बिल्डच्या वेळी एक इवलासा सी प्रोग्रॅम कंपाइल करून बघतात, झाला तर आहे, नाही झाला तर नाही, मग कुंपण न घालता पुढे. फेब्रुवारीत जियाने त्या इवल्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीच्या सुरुवातीला एक टिंब टाकून ठेवलं होतं. त्यामुळे सीमेक नावाच्या टूलने बिल्ड केलं तर तो कधीच कंपाइल होत नव्हता आणि कुंपण कधीच पडत नव्हतं. आधीचा आणि नंतरचा कोड शेजारी ठेवून बघितलं तरी स्क्रीनवरची धूळ वाटेल. कॉलिनने सुट्टीत बसून ते शोधलं आणि एक टिंब खोडलं.